चार्टर शाळांतील जागांची मागणी आणि प्रतीक्षा यादी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्थानिक शिक्षण मंडळाच्या रोजच्या कारभारापासून मोकळ्या असणाऱ्या शाळांना चार्टर शाळा म्हणतात. राज्याने नेमलेली प्राधिकृत संस्था अशा शाळेला ठरावीक वर्षांची सनद देते. सनदेतील शैक्षणिक आणि आर्थिक अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर शाळा बंदही करता येते. या शाळा शुल्क घेत नाहीत आणि प्रवेशासाठी चाळणी परीक्षाही घेत नाहीत. त्यामुळे जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते आणि सोडतीत नाव न लागलेल्या मुलांची क्रमवार प्रतीक्षा यादी तयार होते. पालकांच्या मागणीचा पुरावा म्हणून ही यादी गेली अनेक वर्षे विधिमंडळांत, निवडणूक प्रचारात आणि न्यायालयांबाहेरच्या मोर्चांत पुढे केली जाते. यादीत नेमके काय मोजले जाते, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे.

शिक्षकांनी स्वतःच्या कल्पनेने चालवायच्या प्रायोगिक शाळांचा विचार शिक्षक संघटनेचे नेते आल्बर्ट शँकर यांनी 1988 मध्ये जाहीरपणे मांडला. पुढे हेच शँकर चळवळीच्या प्रत्यक्ष वाटचालीचे कठोर टीकाकार झाले. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये केला आणि 1992 मध्ये सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली चार्टर शाळा सुरू झाली. मिनेसोटाच्या मूळ कायद्याने संपूर्ण राज्यात केवळ आठ शाळांना मुभा दिली होती. संख्येवर मर्यादा घालण्याची ही रीत पुढे अनेक राज्यांनी उचलली, आणि प्रतीक्षा यादीच्या इतिहासाचा बराच भाग या मर्यादेभोवतीच घडला. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. 2021–22 या शैक्षणिक वर्षात सुमारे 7,800 चार्टर शाळांत 37 लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकत होते. सरकारी पैशावर शिकणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास भरते.

सोडतीचे बंधन दोन बाजूंनी येते. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत ते आहेच. शिवाय संघीय सरकारच्या चार्टर अनुदान योजनेतील व्याख्येनुसार जागांपेक्षा अर्ज अधिक असल्यास प्रवेश सोडतीनेच द्यावे लागतात. तरीही सोडत पूर्णपणे समान संधीची असतेच असे नाही. शाळेत आधीपासून शिकणारी मुले सोडतीत येत नाहीत, आणि भावंडांना जवळजवळ सर्वत्र अग्रक्रम मिळतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात शाळा ज्या शिक्षण मंडळाच्या हद्दीत आहे तेथील रहिवाशांनाही प्राधान्य असते. एखाद्या शाळेत शिशुवर्गाच्या पन्नास जागा असल्या आणि त्यांतल्या वीस धाकट्या भावंडांनी भरल्या, तर बाहेरच्या मुलांच्या वाट्याला तीसच उरतात. अर्ज आणि जागा यांचे जाहीर केलेले गुणोत्तर वाचताना हा तपशील सहसा सुटून जातो. गरीब कुटुंबांतील किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांच्या चिठ्ठीला जास्त वजन देण्याची मोकळीक संघीय अनुदान घेणाऱ्या शाळांना 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी काही अटींवर दिली.

सोडतीनंतर यादी हलू लागते. प्रत्येक शाळा स्वतंत्रपणे अर्ज घेते अशा शहरांत पालक साहजिकच पाच-सहा शाळांत अर्ज करतात, एका ठिकाणी नाव लागले तरी बाकीच्या याद्यांवरून ते काढून घेत नाहीत, आणि कित्येकदा शेवटी घराजवळच्या नेहमीच्या सरकारी शाळेतच मुलाला घालतात. वसंतात जाहीर झालेली यादी उन्हाळाभर विरत जाते. शाळेच्या कचेरीतून फोन जातात, कोणी गाव बदललेले असते, कोणी दुसरीकडे प्रवेश घेतलेला असतो, तर कोणी उत्तरच देत नाही. सप्टेंबरपर्यंत यादीत बऱ्याच खालच्या क्रमांकावर असलेल्या मुलालाही बोलावणे येऊ शकते. म्हणूनच यादीची लांबी आणि प्रत्यक्ष प्रवेश नाकारल्या गेलेल्या मुलांची संख्या या दोन वेगळ्या राशी आहेत.

हा फरक देशपातळीवरच्या आकड्यांत ठळकपणे दिसतो. चार्टर शाळांचा पुरस्कार करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये प्रतीक्षा याद्यांवरील नावांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेल्याचे जाहीर केले. त्याच वेळी एकाच मुलाचे नाव अनेक याद्यांत असते हे मान्य करून प्रत्यक्ष मुलांचा किमान अंदाज तिने सहा लाखांच्या आत धरला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिला आकडा राहिला आणि दुसरा तळटीपेत गेला. केव्हिन वेल्नर आणि गॅरी मिरॉन या अभ्यासकांनी त्याच वर्षी लिहिलेल्या टिपणात या आकड्यांवर विसंबू नये याची नऊ कारणे दिली. नावांची पुनरावृत्ती, जुन्या याद्या वर्षानुवर्षे पुढे ओढण्याची सवय, आकड्यांची बाहेरून पडताळणी न होणे ही त्यांतली मुख्य. शिवाय नेहमीच्या शिक्षण मंडळांच्या लोकप्रिय शाळांनाही लांब याद्या असतात, पण त्या कोणी एकत्र करून जाहीर करत नाही, असे त्यांनी नोंदवले. हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड शहरात वांशिक विलगीकरणाविरुद्धच्या 1996 च्या न्यायनिर्णयानंतर उभ्या राहिलेल्या मॅग्नेट शाळांच्या (विशेष अभ्यासक्रमाच्या आकर्षणाने वेगवेगळ्या भागांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या सरकारी शाळांच्या) सोडतीतही हजारो मुले मागे राहत आली आहेत, पण त्यावरून मॅग्नेट शाळांची राष्ट्रीय मागणी अमुक लाख आहे असा दावा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आकड्यांवरची सर्वांत मोठी लढाई मॅसॅच्युसेट्समध्ये झाली. या राज्याने 1993 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने चार्टर शाळांना वाट करून दिली, पण प्रत्येक शिक्षण मंडळाच्या खर्चातील किती वाटा चार्टर शाळांकडे जाऊ शकतो यावर मर्यादा ठेवली. साधारण मर्यादा नऊ टक्क्यांची होती. 2010 च्या कायद्याने सर्वांत मागे असलेल्या दहा टक्के मंडळांसाठी ती टप्प्याटप्प्याने अठरा टक्क्यांपर्यंत वाढवली, आणि बॉस्टन त्यांत येत होते. बॉस्टनमधील काही चार्टर शाळांचे निकाल खरोखरच उत्तम असल्याने अर्ज वाढत गेले आणि मर्यादा पुन्हा आड येऊ लागली.

दरम्यान राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2014 च्या अहवालात शिक्षण विभागाकडील प्रतीक्षा याद्यांच्या माहितीवर बोट ठेवले. आधीच्या वर्षांत अर्ज केलेल्या मुलांची नावे नव्या यादीत तशीच राहू देण्याची शाळांना मुभा होती. त्यामुळे ज्यांना आता प्रवेश नकोच होता अशी मुलेही ‘प्रतीक्षेत’ मोजली जात होती. राज्याने त्याच सुमारास नियम बदलून नव्या याद्या पुढे ओढणे थांबवले, आणि एकाच मुलाचे नाव एकदाच मोजून आकडा जाहीर करण्याची पद्धत रूढ केली. एवढे करूनही आकडा तीस हजारांच्या वर राहिला. मागणी निव्वळ बनावट आहे असे म्हणणाऱ्यांना ही बाब अडचणीची होती, तर पूर्वीचे फुगलेले आकडे वापरणाऱ्यांना ती तितकीच अवघड गेली.

नोव्हेंबर 2016 च्या निवडणुकीत दरवर्षी बारांपर्यंत नव्या किंवा विस्तारित चार्टर शाळांना मर्यादेबाहेर परवानगी देणारा प्रस्ताव मतदारांपुढे आला. राज्यपाल चार्ली बेकर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला, शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि दोन्ही बाजूंचा मिळून प्रचारखर्च चार कोटी डॉलरांच्या वर गेला. प्रतीक्षा यादीतील मुले हा पुरस्कर्त्यांचा मुख्य मुद्दा होता. विरोधकांनी यादीवर वाद घालण्यापेक्षा मूल चार्टर शाळेत गेल्यावर मूळ मंडळाचा पैसा कसा कमी होतो, हे प्रत्येक गावाच्या अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगितले. सुमारे 62 टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. यादीतली मुले मुख्यतः शहरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतली होती. ज्यांच्या मतांवर निर्णय झाला त्यांतले पुष्कळ मतदार उपनगरांतले होते आणि आपल्या गावच्या शाळांवर समाधानी होते. तेव्हा मतपेटीतला निकाल हा मागणीचा निकाल मानता येत नाही. प्रचारातला आकडाही मागणीचे माप म्हणून पुरा पडत नव्हता, हेही तितकेच खरे.

यादीची लांबी पालकांच्या इच्छेइतकीच पुरवठ्याच्या नियमांवर ठरते. न्यूयॉर्क राज्याने 1998 मध्ये शंभर शाळांची मर्यादा घातली, 2007 मध्ये ती दोनशे आणि 2010 मध्ये 460 केली. न्यूयॉर्क शहराच्या वाट्याच्या सनदा 2019 मध्ये संपल्या, आणि 2023 च्या तडजोडीत बंद पडलेल्या शाळांच्या चौदा सनदा शहरात पुन्हा वापरायला मिळाल्या. सनद मिळाली तरी इमारतीचा प्रश्न उरतो, कारण अनेक चार्टर शाळांना इमारतीसाठी स्वतंत्र निधी मिळत नाही. न्यूयॉर्क शहरात अनेक चार्टर शाळा नेहमीच्या सरकारी शाळेच्याच इमारतीत एखादा मजला वाटून घेतात. या सहवासावरून महापौर बिल डी ब्लासिओ आणि ‘सक्सेस अकॅडमी’ या शाळासमूहाच्या संस्थापक इव्हा मोस्कोविट्झ यांच्यात 2014 मध्ये उघड संघर्ष झाला. शेवटी शहराने नव्या शाळांना जागा द्यावी किंवा भाड्यासाठी पैसे द्यावेत, असे राज्याने कायद्यानेच ठरवले.

दुसरा नियम रिकाम्या झालेल्या जागांचा आहे, आणि तो कमी चर्चिला जातो. मूल शाळा सोडून गेले की त्याच्या जागी यादीतल्या पुढच्या मुलाला घ्यायचे की नाही, हे अनेक राज्यांत शाळेवर सोपवलेले असते. काही शाळा वरच्या इयत्तांत नवी मुले घेतच नाहीत. सक्सेस अकॅडमीने चौथीनंतर नवे प्रवेश न देण्याचे धोरण दीर्घकाळ ठेवले. नव्या मुलाला आमच्या पद्धतीशी जुळवून घेणे जड जाते, असा शाळांचा युक्तिवाद असतो. पण एकीकडे हजारो मुले वाट पाहत आहेत म्हणायचे आणि दुसरीकडे वरच्या वर्गांत बाके रिकामी ठेवायची, हे जमणारे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या 2010 च्या कायद्याने शाळेच्या खालच्या अर्ध्या इयत्तांतील रिकाम्या जागा 15 फेब्रुवारीपर्यंत भरण्याचे बंधन घातले, ते अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

सामायिक प्रवेशपद्धती आल्यावर यादीचे स्वरूपच पालटते. वॉशिंग्टन शहरात 2014 पासून बहुतेक चार्टर शाळा आणि सरकारी शाळा एकाच सोडतीत आहेत. पालक बारांपर्यंत शाळांचा पसंतीक्रम देतात. अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ यांनी पुढे नेलेल्या जुळणीच्या सिद्धांतावर आधारलेली संगणकीय रीत प्रत्येक मुलाला फार तर एकच शाळा देते आणि त्याहून वरच्या पसंतीच्या शाळांच्याच प्रतीक्षा यादीत त्याचे नाव ठेवते. खालच्या पसंतीच्या याद्या आपोआप मोकळ्या होतात. न्यू ऑर्लिन्समध्ये 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर जवळजवळ सगळ्याच सरकारी शाळा चार्टर झाल्या. तेथे 2012 पासून सामायिक अर्ज आला. चार्टर शाळांची एकूण प्रतीक्षा यादी या कल्पनेला तेथे अर्थच उरला नाही, मोजायची ती फक्त मोजक्या नावाजलेल्या शाळांवरची गर्दी. टेक्सासनेही 2019 मध्ये सामायिक अर्जाचा नमुना आणि प्रतीक्षा यादीची माहिती राज्याकडे देण्याची तरतूद केली.

सोडतीचा एक अनपेक्षित लाभ संशोधकांना झाला. ज्यांचे नाव लागले आणि ज्यांचे लागले नाही त्या मुलांत फरक केवळ नशिबाचा असतो, म्हणून पुढच्या प्रगतीतला फरक शाळेमुळे आहे असे म्हणता येते. बॉस्टनविषयी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात माध्यमिक वर्गांच्या गुणांत मोठी वाढ दिसली. उलट पंधरा राज्यांतील 36 शाळांच्या 2010 च्या संघीय अभ्यासात सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला, मात्र गरीब मुलांच्या शाळांत गणितात फायदा दिसला. अर्थात ही रीत जेथे सोडत काढावी लागते अशाच शाळांना लागू पडते. ज्या शाळांकडे कोणी फिरकत नाही त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

मागणीच्या स्वरूपाविषयीचा सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांच्या 2018 च्या अभ्यासाचा आहे. बॉस्टनच्या चार्टर शाळांत ज्यांना सर्वाधिक लाभ होतो ती गरीब आणि अभ्यासात मागे असलेली मुलेच अर्ज करण्याची शक्यता कमी असते, असे त्यांना आढळले. सोडतीची तारीख माहीत असणे, अर्ज वेळेत भरणे, लांबच्या शाळेत रोज मुलाला पोचवण्याची सोय असणे हे सारे मागणीत मिसळलेले असते, आणि यादीत नसलेल्या मुलाला ती शाळा नको होती असे त्यावरून ठरत नाही.

मराठी वाचकाला येथे शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण महाराष्ट्रातही त्या जागांसाठी ऑनलाइन अर्ज, राज्यस्तरीय सोडत आणि टप्प्याटप्प्याने उघडणारी प्रतीक्षा यादी असते. साम्य मात्र एवढेच. येथील जागा खासगी विनाअनुदानित शाळांतल्या असतात आणि पात्रता उत्पन्न व सामाजिक गटावर ठरते. तेथे मागणी किती याचा वाद चालतो, तर येथे पुरवठा कोणी नाकारायचा याचा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या राखीव जागांच्या बंधनातून सूट देणारा राज्याचा फेब्रुवारी 2024 मधला नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. महापालिकेच्या शाळा स्वयंसेवी संस्थांना भागीदारीत चालवायला देण्याचा मुंबई-पुण्यातला प्रयोग चार्टर कल्पनेच्या अधिक जवळचा आहे. आकांक्षा फाउंडेशनच्या शाळा हे त्याचे ठळक उदाहरण.

कोविडकाळात चार्टर शाळांची पटसंख्या 2020–21 या एकाच वर्षात दोन लाखांहून अधिक मुलांनी वाढली आणि नेहमीच्या सरकारी शाळांची घटली. त्यानंतर मोठ्या शहरांतील घटता जन्मदर आणि कुटुंबांचे स्थलांतर यांचा परिणाम चार्टर शाळांवरही दिसू लागला. एकाच शहरात काही शाळांच्या याद्या लांब आहेत, तर काहींना वर्ग भरायला मुले मिळत नाहीत. पटावरच निधी ठरत असल्याने अशा शाळा वर्षाच्या मध्यातही अर्ज स्वीकारतात आणि घरोघरी जाऊन प्रवेश शोधतात.