मेलंकली: शरीरात नसलेल्या पित्ताचं नाव

इंग्रजीतल्या 'मेलंकली', म्हणजे खोल उदासी, या शब्दात रंगही आहे आणि शरीरशास्त्रही. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळं आणि 'खोले' म्हणजे पित्त. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार द्रवांचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, असं प्राचीन ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य मानत. काळं पित्त वाढलं की मन झाकोळतं. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने तर हे पित्त रक्तातून शोषून घेण्याचं काम पाणथरीकडे (प्लीहेकडे) सोपवलं होतं.

असं काळं पित्त शरीरात कुठेच नाही. मग ते या वैद्यांना दिसलं तरी कुठे? रॉबिन फॉरेअस या स्वीडिश डॉक्टरांनी यावर सुचवलेलं उत्तर मला फार आवडतं. रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने तळाशी बसतात हे पाहणाऱ्या, आज प्रयोगशाळेत होणाऱ्या ईएसआर तपासणीचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. काचेच्या भांड्यात रक्त ठेवून दिलं की त्याचे थर होतात: तळाला काळपट गुठळी, तिच्यावर लाल रक्त, मग पांढुरका पातळ थर आणि सगळ्यात वर पिवळसर पाणी. चारही द्रव एकाच भांड्यात! हा तर्कच आहे, पण पटण्यासारखा.

कारण चुकलं, तरी निरीक्षण पक्कं होतं. भीती किंवा दुःख फार काळ टिकलं तर तो मेलंकलीचा विकार समजावा, असं हिपोक्रेटिसच्या नावावरचं एक सूत्र सांगतं. त्याच परंपरेतल्या रुग्णनोंदींत थासोस बेटावरची एक बाई भेटते. मुळात उदास स्वभावाची. दुःखाचा प्रसंग ओढवला आणि तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली.

1904 मध्ये अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी या शब्दाऐवजी 'डिप्रेशन' वापरावा असा आग्रह धरला आणि हळूहळू तोच रूढ झाला. तरी जुना शब्द पुरता हटला नाही. 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत गंभीर नैराश्याच्या एका प्रकाराला 'मेलंकॉलिक' म्हटलं आहे. अशा रुग्णाला चांगली बातमी ऐकूनही बरं वाटत नाही, नेहमीच्या वेळेच्या दोन तास तरी आधी जाग येते, सकाळी सगळ्यात जास्त त्रास होतो, जेवण जात नाही आणि वजन उतरतं. हा आजार नुसत्या समजुतीच्या शब्दांनी हटत नाही. औषधांचा मात्र उपयोग होतो, आणि फारच तीव्र असेल तेव्हा भूल देऊन केलेल्या विद्युत उपचारांचाही.