खोबरेल गोठलं, थंडी आली

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘थंडीत गोठतं तेच अस्सल खोबरेल. गोठलं नाही तर भेसळ समजा.’ मावशीने लगेच कळवलं, ‘आमचं गोठलं हो!’ त्याच सकाळी मी डिचोलीच्या घरी न्हाणीघरात बाटली उलटी धरून उभा होतो. थेंब पडेना, आणि मला भलताच आनंद झाला.

गोव्याची थंडी ती काय? जानेवारीत पणजीला पहाटेचं तापमान साधारण २० अंश सेल्सिअस. दिल्लीकर हसतील. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे आपला हिवाळा नेमका त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे खेळतो. रात्री घाटाकडून मतलई वारा सुटला की फळीवरची बाटली पांढरी, दुपारी पुन्हा पाण्यासारखी. एकच खूण असलेला तापमापक, तोही फुकट!

त्याच फळीवर शेंगदाण्याचं तेल मात्र खुशाल वाहतं असतं. असं का?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला टांगलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. खोबरेलात जवळजवळ निम्मं मेदाम्ल लॉरिक असतं: १२ कार्बन, सगळे एकेरी बंधांनी जोडलेले, म्हणून सरळ. केरसुणीचे हीर आठवा. सरळ हिरांची जुडी कशी घट्ट बसते! शेंगदाणा तेलात ओलिइक आणि लिनोलिइक आम्लांचा भरणा. त्यांच्या १८ कार्बनांच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि तिथे साखळी वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी ढिलीच राहायची. ती घट्ट व्हायला फ्रिजची थंडी लागते.

इथे एक मेख आहे. तिन्ही साखळ्या लॉरिकच असलेला शुद्ध मेद ४६ अंशांना वितळतो. मग खोबरेल २५ लाच का ढेपाळतं? कारण जुडीत ८, १०, १४ कार्बनांचे लहानमोठे हीर मिसळलेले असतात, थोडे वाकडेही. मापं जुळत नाहीत, रचना विस्कटते आणि वितळणबिंदू खाली येतो.

शिवाय गोठायला बीज लागतं. पहिला स्फटिक जमेपर्यंत तेल २५ च्या खाली उतरूनही द्रवच राहतं; याला अतिशीतन म्हणतात. पौषात धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांचा नाच-गाण्यांचा खेळ, खेळून आई रात्री उशिरा परतायची, तेव्हा बाटली हाताला गार लागायची पण तेल ओतता यायचं. पहाटे तीच बाटली दगड. मी एकदा अशा गार, पारदर्शक तेलाच्या वाटीत गोठलेल्या तेलाचा कण टाकून पाहिला. त्याच्याभोवती पांढरे तुरे फुटत गेले आणि माझा चहा थंड झाला.

आता त्या मेसेजचं. पाम फळाच्या बियांतल्या गराचं तेलही लॉरिक आम्लानेच भरलेलं असतं. ते खोबरेलात मिसळलं तरी बाटली ऐटीत गोठेल. उलट खोबरेलातल्या फक्त ८ आणि १० कार्बनांच्या साखळ्या वेगळ्या काढून केलेलं तेल या थंडीत गोठत नाही, आणि त्यात बाहेरचा थेंबही नसतो. तेव्हा मावशी, गोठणं हा शुद्धतेचा दाखला नव्हे. चमचा चमचा खोबरेल पिऊन हृदय ठणठणीत ठेवायला सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. त्यातले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या सरळ साखळ्यांचे, मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात.

गोठलेली बाटली उजेडात धरून बघा. पाणी गोठताना फुगतं, खोबरेल आकसतं. तेल आधी काचेलगत गोठतं आणि मधलं शेवटी आकसतं, म्हणून वर मधोमध एक खळगा पडतो. आई बरोबर त्या खळग्यात झावळीचा हीर खुपसायची, दोनदा फिरवायची आणि बोटभर तेल बाहेर काढायची. उरलेली बाटली न्हाणीतल्या भाणाच्या काठाशी, माझ्या आंघोळीचं पाणी तापेपर्यंत.