स्पर्धात्मक वॉरड्रायव्हिंग

गाडीतून, दुचाकीवरून किंवा पायी फिरत आजूबाजूची वाय-फाय नेटवर्क टिपायची आणि प्रत्येक नेटवर्क कुठे सापडले ते जीपीएसच्या आधारे नोंदवायचे, याला वॉरड्रायव्हिंग म्हणतात. या नोंदी एका सामायिक नकाशावर चढवून ‘कोणाला किती नवी सापडली’ अशी चुरस लागली, की त्याचा खेळ होतो. नावातल्या ‘वॉर’चा युद्धाशी संबंध नाही. ‘वॉरगेम्स’ (१९८३) या चित्रपटातला मुलगा संगणकाकरवी ओळीने फोन नंबर फिरवून मॉडेम शोधतो. त्यावरून ‘वॉरडायलिंग’ हा शब्द रूढ झाला आणि त्याच चालीवर पुढे हा आला.

अमेरिकेत पीट शिपली याने २००१ साली डेफ कॉन या हॅकरांच्या मेळाव्यात हा प्रकार मांडला. त्याच वर्षी ‘नेटस्टंबलर’ आणि ‘किस्मेट’ ही सॉफ्टवेअरे आली. पहिले स्वतः संदेश पाठवून, म्हणजे हाक मारून, नेटवर्कच्या उत्तराची वाट पाही, दुसरे नुसते कान देऊन ऐके. त्यानंतर ख्रिस हर्ली याच्या पुढाकाराने ‘वर्ल्डवाइड वॉरड्राइव्ह’ ही मोहीम निघाली. २००२च्या पहिल्या फेरीत ९,३७४ नेटवर्क सापडली, २००४च्या चौथ्या फेरीत २,२८,५३७. पहिल्या फेरीत सापडलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के नेटवर्कना एन्क्रिप्शनच, म्हणजे मजकूर सांकेतिक करून राखण्याची सोयच, नव्हती. दारे सताड उघडी आहेत हे लोकांना आकड्यांनिशी दाखवणे, हा तेव्हाचा हेतू होता.

आज ही चढाओढ मुख्यतः ‘विगल’ या संकेतस्थळावर चालते. २००१ पासून तिथे जगभरातून शंभर कोटींहून अधिक वाय-फाय नेटवर्क नोंदली गेली आहेत. श्रेय मिळते ते नेटवर्क पहिल्यांदा टिपणाऱ्याला. नियम एवढाच, पण सगळी रणनीती त्यातून निघते. दहा जणांनी विंचरलेल्या हमरस्त्यावर पुन्हा फिरून हाती फारसे काही लागत नाही. नव्या वसाहती, आडगल्ल्या आणि तालुक्याच्या गावांच्या बाजारपेठा इथेच माल असतो.

सुरुवातीला अँड्रॉइड फोन आणि विगलचे मोफत ॲप पुरते. आयफोनवर हे जमत नाही, कारण ॲपल आसपासच्या नेटवर्कची यादी ॲपच्या हाती देत नाही. अँड्रॉइडमध्येही एक मेख आहे. नवव्या आवृत्तीपासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, म्हणजे सरासरी तीस सेकंदांना एक. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात अर्धा किलोमीटर पुढे जाते आणि मधली अख्खी सोसायटी हुकते. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस मात्र चाळीस-बेचाळीस मीटरच सरकलेला असतो. दहाव्या आवृत्तीपासून फोनच्या सेटिंग्जमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये जाऊन हे बंधन काढता येते. नवख्याने पहिले काम हेच करावे. त्यानंतरही चालणे सोडू नये: नावात ड्रायव्हिंग असले तरी दाट वस्तीत पायी फिरणाराच वरचढ ठरतो, शिवाय पडद्याकडे बघत गाडी चालवण्याचा धोका टळतो.

पुढची पायरी म्हणजे लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, त्यावर किस्मेट, सोबत यूएसबी जीपीएस आणि दोन-तीन वाय-फाय ॲडॅप्टर. राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा ‘बीकन’ पाठवून आपले अस्तित्व जाहीर करतो, पण एक ॲडॅप्टर एका वेळी एकच चॅनेल, म्हणजे एकच ठरावीक वारंवारिता, ऐकू शकतो. म्हणून मुरलेले खेळाडू १, ६ आणि ११ या गर्दीच्या चॅनेलांवर एकेक ॲडॅप्टर बसवून ठेवतात. ईएसपी३२ या वाय-फाय चिपच्या स्वस्तातल्या छोट्या बोर्डांवरही बरेच जण काम भागवतात, मात्र त्यांतल्या बहुतेकांना २.४ गिगाहर्ट्झच ऐकू येते. हे नुकसानीचे आहे. मोजणी नेटवर्कच्या नावावर होत नाही, ती बीएसएसआयडी या नेटवर्कच्या ४८ बिटांच्या ओळख-क्रमांकावर होते, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडचा राउटर असे निदान दोन क्रमांक बाळगतो. नावांची गंमत वेगळीच. गल्लीतून जाताना पडद्यावर आडनावे, फ्लॅट नंबर, देवांची नावे आणि मधूनच शेजाऱ्याला मारलेला टोमणा सरकत जातो.

ऐकणे आणि शिरणे यांतली रेघ या खेळात महत्त्वाची आहे. नेटवर्क उघडे दिसले तरी त्याला जोडून घ्यायचे नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ विनापरवाना प्रवेशाला लागू होतात. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी तर नेटवर्कच्या नोंदींबरोबर उघड्या वाय-फायवरून जाणारा मजकूरही टिपला होता. २०१० मध्ये ते उघडकीस आले आणि अनेक देशांत चौकशा लागल्या.

मुंबईत हीच फेरी पोलिसांनी हाती घेतली होती. २००८च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळच्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायपर्यंत पोहोचला. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात फिरण्याचे आणि उघडी नेटवर्क सापडतील तिथे मालकांना समज देण्याचे जाहीर केले.