हत्यारी पोलादाच्या चाकूंना धार लावणे

ड्रिल, डाय, करवतीची पाती अशी यंत्रशाळेतली हत्यारे ज्या उच्च कार्बनी मिश्रपोलादांपासून बनवतात त्यांना हत्यारी पोलाद म्हणतात. या पोलादाच्या घडीच्या चाकूला धार लावणे हे कोयता किंवा आडाळी (विळी) पाजवण्यापेक्षा वेगळे काम आहे. कोकणात दोन्ही हत्यारे एकाच घरात असल्याने फरक चटकन जाणवतो. गावचा लोहार कोयता बहुधा गाडीच्या कमानपाट्यापासून घडवतो. ते पोलाद चिवट असते, कानशीने निघते, आणि माडाखाली बसून दगडावर चार हात मारले की कोयता पुन्हा कामाला लागतो. डी-२ किंवा एम-४ या प्रकारच्या हत्यारी पोलादाच्या पात्यावर तीच कानस नुसती घसरते.

डी-२ मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते; पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून थंड करून कठीण केल्यावर, त्याची कठिनता रॉकवेल सी या कठिनतेच्या मापनावर ५८ ते ६२ भरते. एम-२ या हायस्पीड पोलादात (तापल्यावरही कठीण राहणारे पोलाद) साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. एम-४ मध्ये व्हॅनेडियम याच्या दुप्पट. कारखान्यातल्या पॉवर हॅक्सॉचे झिजलेले पाते घासून जी सुरी करतात तीही पुष्कळदा हायस्पीड पोलादाचीच असते.

धार लावताना नडते ते केवळ रॉकवेलचा आकडा नव्हे, तर पोलादात विखुरलेले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कठीण कण. व्हिकर्स या कठिनतेच्या दुसऱ्या मापनावर कठीण केलेले पोलाद ७०० ते ८५० च्या आसपास असते. क्रोमियम कार्बाइड १,५०० च्या पुढे जाते आणि व्हॅनेडियम कार्बाइड सुमारे २,८०० पर्यंत. आता अपघर्षकांकडे, म्हणजे घासणाऱ्या पदार्थांकडे, पाहावे: कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सुमारे २,१००, सिलिकॉन कार्बाइड २,५०० च्या आसपास, हिरा ८,००० च्या वर. म्हणजे बाजारातला नेहमीचा कुरुंदाचा दगड डी-२ ला चालतो, पण एम-४ मधल्या व्हॅनेडियमच्या कणांना तो कापू शकत नाही. तो फक्त त्यांच्याभोवतीचे पोलाद खातो. पावसाळ्यात रस्त्याचे डांबर वाहून जाऊन खडी वर यावी तसे कण उघडे पडतात, मग सुटतात, आणि धार खडबडीत व कमकुवत राहते. माणूस तासभर घासतो आणि पोलादाला दोष देतो. चूर्ण धातुविज्ञानाने, म्हणजे धातूची भुकटी दाबून व तापवून, बनवलेल्या पोलादात हे कण बारीक आणि सारखे पसरलेले असतात, त्यामुळे धार अधिक नितळ येते. कण किती कठीण हे मात्र बदलत नाही.

घरच्या दगडांचा येथे फारसा उपयोग नाही. जांभा सच्छिद्र आणि मऊ. काळवथराच्या (काळ्या दगडाच्या) पायरीवर कोयते पाजतात, पण त्यातली खनिजे या पोलादाच्या जेमतेम बरोबरीची असतात. हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी हा सरळ उपाय. ती महाग वाटते, पण खोलगट होत नाही आणि थोड्याशा पाण्यावर चालते. तिच्यावर जोर देऊ नये. दाबाने निकेलच्या थरातली कणी उखडते आणि पट्टी अकाली गुळगुळीत होते.

कोन प्रत्येक बाजूस १५ ते २० अंश ठेवतात. त्याहून निमुळती धार या ठिसूळ पोलादात खांडे पाडून घेते. धारेची कड मार्कर पेनाने रंगवून दोन हात मारले की शाई कुठून निघाली यावरून कोन जुळला का ते कळते. पाते फारच बोथट असेल तर ३०० ते ४०० ग्रिटपासून (आकडा मोठा तितकी कणी बारीक) सुरुवात करावी, नाही तर ६०० पुरे. एका बाजूला घासताना दुसऱ्या बाजूस सबंध लांबीवर बारीक बर (कडेवर वळलेली धातूची पातळ कोर) हाताला लागेपर्यंत बाजू बदलू नये. अर्धवट धारेचे बहुतेक कारण हेच असते. पुढे बर काढणे हेच खरे कसबाचे काम आहे. आळीपाळीने हलके हात मारत तो लहान करावा आणि शेवटी न्हावी वस्तरा पलाटतो तसा चामड्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. चामड्यावरची हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट डी-२ ला ठीक आहे. व्हॅनेडियमच्या पोलादाला एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लागते. जाळ्याचा नायलॉन दोर किंवा सुंभ कापायचा असेल तर मात्र ६०० ग्रिटवरच थांबावे. किंचित दातेरी धार दोर पकडते, चकचकीत धार त्यावरून सरकते.

सायकलवरच्या धारवाल्याकडे असा चाकू न दिलेला बरा. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते, आणि कमी तापमानावर पाणी उतरवलेल्या (कठीण केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेल्या) पोलादाची कठिनता जाते. हायस्पीड पोलादाचे पाणी ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवलेले असल्याने त्याला हा धोका कमी.

किनाऱ्यावर धारेचा मोठा शत्रू गंज आहे. डी-२ मध्ये क्रोमियम भरपूर असले तरी त्यातले बरेच कार्बाइडमध्ये अडकलेले असते, म्हणून ते गंजरोधक ठरत नाही. एम-२ आणि एम-४ तर सरळ गंजतात. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांत धारेची बारीक कड आधी खाल्ली जाते, त्यामुळे न वापरलेला चाकूही बोथट होतो. कैरी, कोकम आणि फणसाचा चीक पात्यावर काळे डाग पाडतात. कापून झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून पात्याला खोबरेल लावतात. फळे कापायच्या चाकूला ते सोयीचेही आहे. बिजागरीत मात्र ते घालू नये. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, आणि पौषातल्या सकाळी चाकू उघडता उघडत नाही. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.