समुपदेशन की समजूत? नागपुरातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

नागपुरात कुणा बाईला ‘समुपदेशनाला बोलावलंय’ असं कळलं, की शेजारीण पहिल्यांदा विचारते, ‘कोणाचं भांडण आहे?’ शब्दाला हा अर्थ उगाच चिकटलेला नाही. केंद्रीय समाजकल्याण मंडळाची कुटुंब सल्ला केंद्रांची योजना १९८३ ची. त्या केंद्रांचं रोजचं काम होतं नवरा-बायको, सासू-सून, हुंडा, सोडचिठ्ठी. समोर बसलेल्या ताईंचा रोख सहसा संसार टिकवण्याकडे. पोलीस ठाण्यातलं समुपदेशनही त्याच वळणाचं. म्हणजे समजूत घालायची आणि समेट घडवायचा.

मनाच्या दुखण्याचा दुसरा दरवाजा होता मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा. ते १८६४ पासूनचं आहे आणि त्याच्या जवळच्या चौकाला शहर आजही बिनदिक्कत ‘पागलखाना चौक’ म्हणतं. ऑटोवाल्याला दुसरं नाव सांगून पाहा. बलात्कारातून गेलेल्या मुलीला घरच्यांनी कोणत्या दारात न्यायचं? एकीकडे समेट, दुसरीकडे पागलखाना. विदर्भात तिच्यासाठी आधार उभा राहिला तो या दोन्हींच्या बाहेर, कोर्टाच्या वऱ्हांड्यात. त्याचा आकार अजूनही कोर्टाचाच आहे, तो का, हे कळायला १९७२ पर्यंत मागे जावं लागतं.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावानेच दिलेल्या तक्रारीच्या निमित्ताने ती ठाण्यात आली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवण्यात आलं. आरोप बलात्काराचा, आरोपी दोन पोलीस. दुसऱ्या दिवशी तिची वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखमा नाहीत आणि योनीत दोन बोटं सहज जातात, अशी नोंद झाली. या दोन ओळींनी पुढची सहा वर्षं खटला वाहून नेला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने मुलीला शरीरसंबंधांची ‘सवय’ असल्याचं म्हणत आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नागपूरच्या न्यायमूर्तींनी तेव्हा लिहिलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुसून टाकलं. जखम नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर उठाव झाला. मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं. अशा खटल्यात बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयाने तसं गृहीत धरायचं, सुनावणी बंद दाराआड घ्यायची आणि तिचं नाव छापायचं नाही, असंही ठरलं. गंमत म्हणावी की काय, ज्या मुलीमुळे नाव लपवण्याचा कायदा आला, तिचं नाव मात्र कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मी ते इथे लिहीत नाही.

त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात तिकडे अमेरिकेत ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, दोघींनी बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलला सांगून ठेवलं होतं की बलात्काराची रुग्ण आली की दिवस असो, रात्र असो, आम्हाला फोन करा. वर्षभर त्या जात राहिल्या आणि १४६ जणांशी बोलल्या. १९७४ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यातली एक गोष्ट वाचताना देसाईगंज आठवल्याशिवाय राहत नाही. काही बायका रडतात, थरथरतात, हे सगळ्यांना अपेक्षितच असतं. पण तितक्याच बायका शांत बसतात, विचारलं तेवढं सांगतात. धक्का आतच दाबलेला असतो, तो पुढे आठवड्यांनी, महिन्यांनी वर येतो. झोप उडते, जेवण जात नाही, घर बदलावंसं वाटतं, मागे पाऊल वाजलं तरी दचकायला होतं. दिल्लीत चार वर्षांनी ज्या शांतपणाला संमती समजलं गेलं, त्याची बॉस्टनमध्ये लक्षण म्हणून आधीच नोंद झाली होती. तिथल्या बलात्कार संकट केंद्रांची आणि मदतगटांची सुरुवात याच काळातली. बायकांनी गोल करून बसायचं आणि एकमेकींचं ऐकायचं.

आपल्याकडे गोल आधी मोर्च्याचा झाला. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांची स्त्री अत्याचार विरोधी परिषद काम करू लागली. अशा संघटनांच्या कार्यकर्त्यांपैकी मानसशास्त्र शिकलेल्या फार थोड्या असतील. पण पोरीसोबत ठाण्यात जायचं, जबाब वाचून घ्यायचा, ‘तारीख पडली, पुढच्या महिन्यात ये’ असं ऐकल्यावर एसटी स्टँडपर्यंत सोडायला जायचं, हे त्यांचं काम. याला तेव्हा कुणी समुपदेशन म्हटलं नाही. माझ्या मते ते समुपदेशनच होतं, फक्त खुर्ची-टेबल नव्हतं.

संस्थांनी हे हळूहळू अंगावर घेतलं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसेल, पण पोलिसांची नोकर नसेल, अशी त्याची रचना होती. तीच कल्पना नंतर राज्यभर पसरली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यापासूनच पीडितेला वकील मिळावा असं सांगताना, मनाच्या उपचाराची मदत कुठे मिळेल हेही त्या वकिलाने तिला सांगावं, असं म्हटलं. म्हणजे ते कामही वकिलाच्याच माथी आलं. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू झालं. ते मुख्यतः घरगुती हिंसेसाठी होतं. तरी हिंसेवरचा इलाज दवाखान्यातच मिळाला पाहिजे ही कल्पना तिथे रुजली.

आणि मग १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात संपवलं. त्याच्यावर खुनाचे, बलात्काराचे आरोप होते. वस्ती वर्षानुवर्षं तक्रारी करत होती आणि पोलीस परत पाठवत होते. ‘आम्हा सगळ्यांना अटक करा’ म्हणत शेकडो बायका पुढे आल्या. ज्यांच्यावर खटला चालला ते २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. त्या घटनेवर देशभर लिहिलं गेलं ते सूडाबद्दल. त्या वस्तीत दहा वर्षं किती जणींनी तोंड मिटून दिवस काढले असतील, आणि बोलायला जायची त्यांना एकही जागा नव्हती, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

दोन बोटांचा धागा पुन्हा नागपुरातच येऊन मिळाला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या तपासण्या कशा ढिसाळ होतात याचा अहवाल तयार केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी खासगीपणाचा भंग ठरवली आणि २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातली एक सूचना मला फार मोलाची वाटते: तपासणीला नकार दिला म्हणून उपचार नाकारायचा नाही. गर्भधारणा टाळण्याची गोळी, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं (ही ७२ तासांच्या आत) आणि मानसिक आधार, हे तिला मिळालंच पाहिजे. पहिला धीर देणं डॉक्टरच्या कामात धरलं आहे, ‘समाजसेवा विभागाकडे पाठवा’ एवढ्यावर भागत नाही. नागपूरची सरकारी रुग्णालयं, मेडिकल असो, मेयो असो की डागा, रात्रपाळीच्या डॉक्टरला हे लागू आहे.

नागपूर खंडपीठाला नायक करायची घाई नको, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये याच खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा) लैंगिक हल्ला नाही, असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला.

२०१३ नंतर योजनांची रांग लागली. पीडितेला अर्थसाहाय्य देणारी राज्याची ‘मनोधैर्य’ त्याच वर्षीची, आधी दोन-तीन लाखांची आणि २०१७ च्या बदलानंतर कमाल दहा लाखांची. २०१५ पासून हिंसाग्रस्त बायकांना सगळी मदत एकाच जागी देणारी केंद्राची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं, २०१७ मध्ये नागपूर पोलिसांचा सुभाषनगरचा भरोसा सेल, म्हणजे बायकांसाठीचा मदत कक्ष. नाव मनोधैर्य असलं तरी गावखेड्यात विचारतात, ‘मनोधैर्याचे पैसे आले का?’ समुपदेशन त्या योजनेत आहे, पण अर्ज, प्राथमिक चौकशी, बँक खातं या गर्दीत ते मागे पडतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पॉक्सोखाली गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. सोळा वर्षांची मुलगी ‘कोणाला सांगू नका’ म्हणत बोलायला लागते, तेव्हा समोरच्या ताईला तिला मधेच थांबवून आधी हा नियम सांगावा लागतो. प्रौढ बाईबाबत समुपदेशकावर असं बंधन नाही, रुग्णालयाने मात्र पोलिसांना कळवायचं असतं.

या सगळ्यात सर्वांत दुबळा राहिला तो मदतगट. एकटीला बसवून बोलणं रुळलं, गोल करून बसणं नाही. गटाची रीत साधी असते. सहा-आठ जणी, आधी प्रत्येकीशी वेगळं बोलणं, मधेच नवीन कुणाला घ्यायचं नाही. घडलेलं सांगायची सक्ती नाही. झोप कशी लागते, नवऱ्याने हात लावला की काय होतं, लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं, एवढ्यावरही दोन तास जातात. पण खटला चालू असलेल्या बाईला वकील बजावतो, ‘कोणाशी बोलू नको, उलटतपासणीत काढतील.’ शिवाय उमरेड, काटोल, रामटेकची बाई दर आठवड्याला नागपूरला कशासाठी जाते, हे घरी काय सांगणार? दवाखाना सांगितलं तर कागद मागतात. कोर्टाची तारीख सांगितली तर कोणी काही विचारत नाही. त्यामुळे गट भरवायचाच, तर मला वाटतं तो सिव्हिल लाइन्सजवळ, म्हणजे कोर्टाजवळच, दुपारच्या सुट्टीनंतर भरवावा. तारीख पडली की बाई मोकळी होते आणि संध्याकाळच्या एसटीला अजून तीन तास असतात.