कापराच्या पोटलीने ऑक्सिजन वाढत नाही

एप्रिल 2021 मध्ये ‘कापूर, ओवा, लवंग रुमालात बांधून हुंगा, ऑक्सिजनची पातळी वाढते’ हा मेसेज घरोघरी फिरला. तो अजूनही अधूनमधून येतो, म्हणून हे लिहिते आहे. पातळी वाढत नाही, कापूर भीमसेनी असला तरी नाही. कापराचा वास नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं; आत जाणारी हवा मात्र तेवढीच असते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर 88 दिसत असेल, तर पोटली बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा.

कापूर निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. कापराच्या झाडाच्या लाकडातून काढलेला हा अर्क आयुर्वेदात पूर्वापार आहे. खोबरेल तेलात चिमूटभर विरघळवून दुखऱ्या गुडघ्याला किंवा खाजेवर चोळला की आराम पडतो. पण तो पोटात जाता कामा नये. लहान मुलाने देवघरातली वडी खेळता खेळता तोंडात टाकली, तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला कापूर लावूच नका. आणि ती डबी आजच वरच्या फळीवर ठेवा.