बीपीचं मशीन घरी नेताय, तर एवढं वाचा

मशीन खोक्यातून काढलं की बहुतेक जण लगेच दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबतात. नुकतेच जिने चढून आलेले असतात, वर सरकवलेली बाही दंडाशी आवळलेली असते, शेजारी कुणीतरी बोलत असतं. आकडा येतो १५८ आणि घरभर धास्ती. ‘मशीन चुकीचं दाखवतं’ म्हणून जे आमच्याकडे परत येतात, त्यांच्या मशीनमध्ये बऱ्याचदा काही बिघाड नसतो, मोजण्यात गडबड झालेली असते.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर बांधा आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत असला की आकडा वाढीव येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तेच, म्हणूनच आम्ही विकण्याआधी दंडाचा घेर मोजतो. कृपया संकोच करू नका.

सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस करा आणि सगळं वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त निघाली, दोन्हींपैकी एकच आकडा वर असला तरी, वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता महत्त्वाचं. हे मशीन ब्लॉकेज दाखवत नाही. बीपी नॉर्मल आलं म्हणजे रक्तवाहिन्या साफ आहेत, असं समजू नका. ब्लॉकेज म्हटलं की पाइपात साचलेला गाळ डोळ्यांसमोर येतो, पण चरबीचा थर साचतो तो धमनीच्या भिंतीच्या आत. वाढलेल्या दाबाने, तंबाखूने, साखरेच्या आजाराने आतलं नाजूक अस्तर दुखावतं, तिथून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं आणि वर्षानुवर्षं थर वाढत जातो. दुखत काहीच नाही. धमनी बरीच अरुंद होईपर्यंत अनेकांना कळतही नाही. कधी तर लहानसाच थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. म्हणून कोलेस्टेरॉल आणि साखर वेगळी तपासावी लागते.

हे थर धुऊन काढणारा काढा आम्ही विकत नाही, कारण तसं काही सिद्ध झालेलं नाही. स्टॅटिनच्या गोळ्या एलडीएल उतरवतात आणि थर फुटण्याची शक्यता कमी करतात. दिवसभराचं मीठ, सगळ्या पदार्थांतलं मिळून, ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि तंबाखू पूर्ण बंद.

आकडा खाली आला म्हणून गोळी बंद करणारे आम्हाला नेहमी भेटतात. अहो, तो गोळीमुळेच खाली आलेला असतो! कमी करायची की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

छातीत दाटून आलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर बीपी मोजत बसू नका, आकडा कितीही असो. लगेच रुग्णवाहिका बोलवा. त्रास काहीच नाही, पण १८०/१२० च्या वर आकडा दिसला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.